पाणकराची बांधी

केवळराम पुस्तोडेला त्याच्या मुलाने दोन वाटा सांगितल्या होत्या आणि त्याला दोन्ही पसंत नव्हत्या. पहिली, नागपूरला येऊन चौथ्या मजल्यावर राहायचं. दुसरी, गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव टाकायचं.

कारणही तसंच घडलं होतं. वैशाखात केवळरामला ऊन लागलं आणि तो दीड दिवस घरात पडून राहिला. आंबेटोला गाव तसं दाट, भिंतीला भिंत लागलेलं. पण केवळरामचं घर सगळ्यात टोकाला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या मोठ्या बांधाखाली. एका बाजूला पाळ, दुसऱ्या बाजूला धानाचं गोदाम, समोर बांध्या, धानाची बांध घातलेली वावरं. बायको शामकला दोन वर्षांपूर्वी वारली. त्या दीड दिवसात त्याच्या दारावरून शेळ्या तेवढ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मंगरू ढिवर, तलावावरचा मासेमार, मासोळ्या घेऊन आला, त्याने हाका मारल्या, ओ आली नाही म्हणून आत शिरला, तेव्हा कुठे बुढ्याच्या तोंडात पाणी पडलं.

"मंगरूच्या जाळ्यात मासोळी लागली नसती त?" गजेंद्र फोनवर म्हणाला.

"त मी गेलो असतो. त्र्याहत्तर झाले, का कमी झाले?"

"तुम्हाले मजाक सुचून राहिला बाबा. मले इकडे जेवण जात नाही. रोज सकाळी कोणी ना कोणी तुमचं तोंड पाहून गेलं पायजे. संघात ते होत असन त राहा तिथं. नाही त दिवाळीले मी गाडी घेऊन येतो. मग तुमचं काही चालणार नाही."

केवळराम एकदा नागपूरला राहून आला होता, तेवीस दिवस. सून रुची चांगली होती, पानावर गरम पोळी वाढायची. पण सकाळी गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या गॅलरीतला माणूस नजरानजर होताच आत निघून जायचा. खाली पाहिलं तर गाड्यांचे टप. पाणी नळाला येतं आणि मोरीत जातं, मध्ये कुठे दिसत नाही. आंबेटोल्यात तो खाटेवर पडल्या पडल्या सांडव्याचा आवाज ऐकून सांगायचा की तलाव किती भरला. तेवीस दिवसांत त्याला कसलाच अंदाज बांधता आला नव्हता. तेव्हा त्याने काढा पितात तसं डोळे मिटून संघाला हो म्हटलं.

केवळराम चाळीस वर्षं तलावाचा पाणकर होता. पाणकर म्हणजे पाणी वाटणारा. आंबेटोल्याचा तलाव त्याच्या पणजोबांच्या पिढीने, कोहळी लोकांनी, टोपल्यांनी माती वाहून बांधला. त्याचं तुडुम, पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाऊ द्यायचं, हे पाणकर ठरवी. त्याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. शेपटीची बांधी आधी, हा पहिला नियम. पाटाच्या टोकाला ज्याची जमीन त्याला पाणी आधी द्यायचं, कारण तलावाजवळच्याला कधीही मिळतं आणि टोकाचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. कोणी बोलवायची वाट पाहायची नाही, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, फिरून आपण पाहायचं, हा दुसरा. आणि पाणकराची बांधी सगळ्यात शेवटी, हा तिसरा. शेवटच्या दिवशी केवळराम आपलं फावडं धुऊन, खांद्यावर टाकून पाळीवर बसून राही. आता घरोघरी पाण्याच्या मोटारी आल्या, पाणकर उरला नाही. पण चाल अंगात राहते.

संघ दर गुरुवारी समाजमंदिरात भरायचा. सचिव होते देवानंद गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. धोतर कडक, आवाज त्याहून कडक. त्यांनी अर्ज पुढे केला.

"जन्मतारीख?"

"ज्या साली तलावाची पाळ फुटली, त्याच्या दुसऱ्या साली. आखाडीच्या आसपास."

"पाळ फुटल्याचा रकाना नाही अर्जात." गुरुजींनी स्वतःच लिहिलं, एक जुलै. "अर्ध्या गावाची हीच आहे. मीच टाकली आहे शाळेत. निवृत्तीपूर्वीचा हुद्दा?"

"पाणकर."

गुरुजींची लेखणी थांबली. आधीच्या ओळींत शिक्षक, तलाठी, पोस्टमन, कंपाउंडर असं होतं. त्यांनी 'शेतकरी' लिहिलं.

"वर्षाचे तीनशे," गुरुजी म्हणाले.

"आणि त्याच्यात भेटते का?"

"ओळखपत्र. महिन्यातून एकदा रक्तदाब तपासणी. वर्षातून एक सहल. शिवाय एस.टी.चं अर्धं तिकीट..."

"ते त मले संघ नव्हता तेव्हाही भेटत होतं गुरुजी. कंडक्टर तोंडाकडे पाहूनच देते."

खुर्च्यांवर बसलेले हसले. गुरुजी हसले नाहीत. केवळरामने पैसे दिले, सही केली. ही सही तो पंचेचाळिशीत साक्षरतेच्या वर्गात शिकला होता आणि अजूनही ती धुरा बांधावा तशी दाबून दाबून करायचा.

एक जुलैला अकरा जणांचा वाढदिवस निघाला. केक एकच होता, सुरी एकच होती, आणि अकरा बुढे एकमेकांच्या मनगटाला धरून उभे राहिले. श्रावणात सहल झाली. हाजरा फॉलला जायचं ठरलं होतं, पण पायऱ्यांचं नाव काढताच सगळ्यांचे गुडघे बोलू लागले. मग बिरसीला गेले. विमानतळाच्या कुंपणाबाहेर सतरंजी टाकून बसले आणि वैमानिक व्हायला शिकणारी पोरं छोटी विमानं उडवतात-उतरवतात ते पाहत आलुबोंडे खाल्ले. एक विमान तर दिवसभर उतरता उतरता पुन्हा वर जायचं. "त्याले बायकोनं घरात घेतलं नाही वाटते," असं पोस्टमन भोजराज म्हणाला आणि तीच गोष्ट परतताना बसमध्ये चार वेळा सांगितली गेली.

वाईट नव्हतं. केवळराम स्वतःशी कबूल करत होता की वाईट नव्हतं. पण घरी आल्यावर मंगरूने पाळीवर जाळं विणता विणता विचारलं, "काऊन गा केवळराम, मी टाकू का नाव तुझ्या संघात? फायदा आहे का?"

"आलुबोंडा चांगला होता," केवळराम म्हणाला.

"आलुबोंडा त तिरोड्याच्या स्टँडवरही भेटते."

गजेंद्रला मात्र आकड्यांत उत्तर हवं असायचं. "रोज सकाळी कोण येते बाबा?" केवळराम म्हणायचा, "गुरुवारी सगळेच भेटतेत ना." "मी रोजचं विचारून राहिलो." मग केवळराम म्हणायचा की आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवायचा.

भाद्रपदात एका गुरुवारी गुरुजी हजेरी घेत होते. अनुसयाबाईचं नाव आलं, कोणी ओ दिली नाही, आणि गुरुजींनी वहीत 'गै.' असं लिहिलं. केवळराम शेजारीच बसला होता. त्याने वाकून पाहिलं. त्याच ओळीत आधीही तेच अक्षर होतं. तीन, आणि आजचं धरून चार.

"हे गै गै म्हणजे का?"

"गैरहजर."

"ते समजलं. काऊन गैरहजर?"

"आता ते मला कसं माहीत असणार? निरोप पाठवला असता तर लिहिलं असतं." गुरुजींनी पुढचं नाव घेतलं.

केवळराम वहीकडेच पाहत होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे टोकाची एक बांधी आली, भेगा पडलेली, आणि धुऱ्यावर उभा राहून वहीत 'सुकली' असं लिहून घरी जाणारा पाणकर. तो उठला, चपला घातल्या आणि चालू लागला.

अनुसयाबाई कालव्यापलीकडच्या टोलीत राहायची, तिथल्या शेवटच्या घरात. ती केवळरामच्या आजोळची, म्हणून त्याला दादा म्हणायची. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, मुलगा रायपूरला लोखंडाच्या कारखान्यात. दार उघडंच होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही गुडघे कोहळ्यासारखे सुजलेले, आणि पुढ्यात वाटीभर मुरमुरे पाण्यात भिजवलेले.

"हे का जेवण होय का वो?"

"दात कुठं आहेत दादा? भिजवले की उतरतेत."

"चुलीवर काही ठेवलं नाहीस?"

"उठता येईन त ठेवन ना! राशनही नाही आणलं. दोन महिने झाले, तिथल्या मशीनवर माहा अंगठा उमटत नाही. उद्या ये म्हणते, परवा ये म्हणते. जाऊ कशी? लेकाले सांगितलं त तो काम सोडून येईन, मग त्याच्या लेकरांनं का खावं?" ती थांबली, मग खोकत हसली. "संघात नाव आहे ना माह्यं. गुरुजी घरी येऊन लिहून घेऊन गेले. नाव जेवते का दादा?"

त्या दिवशी केवळरामने तिच्या चुलीवर भात शिजवला, पातळ, आसट. दुसऱ्या दिवशी तिला भोजराजच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. मागे केवळराम, पुढे भोजराज, मध्ये अनुसयाबाई, आणि टोलीतली माणसं पाहत उभी. राशन दुकानात त्याने दुकानदाराला म्हटलं, "अंगठा उमटत नाही म्हणजे बाई मेली का? जिती आहे, पाहून घे." दुकानदाराने कुरकुर केली, पण दुसरी काही तरतूद असते ती शोधली आणि तांदूळ दिला.

पुढच्या गुरुवारी केवळराम खुर्चीत बसलाच नाही. ओळखपत्र गुरुजींच्या टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच बोलला.

"माह्यं नाव काढा गुरुजी. ती बाई एक महिना मुरमुरे खाऊन राहिली आणि आम्ही इथं वाढदिवसाच्या टाळ्या वाजवून राहिलो. तुम्ही वहीत लिहिलं, मी बाजूले बसून ऐकलं. तुमच्यात न् माह्यात का फरक? आपला संघ त मरणानंतरचा आहे. मेल्यावर शाल आणि दोन मिनिटं उभं राहणं."

गुरुजींचा चेहरा लाल झाला, मग उतरला. ते वाईट माणूस नव्हते. आयुष्यभर हजेरी घेतलेला माणूस, हजेरी घेतली की काम झालं असं त्यांना वाटायचं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही सांगा मग. काय करायचं?"

कोणी असं विचारेल हे केवळरामने धरलं नव्हतं. तो भांडून निघून जायच्या तयारीने आला होता. पण प्रश्न त्याच्या ओळखीच्या, पाणीवाटपाच्या जागेवर येऊन ठेपला आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"पाळी लावा. पाण्याची लावत होतो तशी. एकटे राहणारे किती आहेत आपल्यात? त्यांच्या दारी रोज सकाळी आठच्या आत कोणी तरी गेलं पायजे. बसायचं नाही, हार नाही, शाल नाही. हाक मारायची. ओ आली, तोंड दिसलं, झालं. ज्याची पाळी तो आजारी असन त त्यानं दुसऱ्याले सांगायचं. आणि टोकापासून सुरू करायचं. अनुसयाचं घर आधी. समाजमंदिराजवळ राहते त्याले कोणी ना कोणी पाहतेच."

गुरुजी लिहू लागले. सत्तावीस सभासद, त्यात एकटे राहणारे आठ. त्यांनी ठळक अक्षरात तक्ता आखला, नावं वाचून दाखवली, पाळ्या वाटल्या. अनुसयाबाईच्या घराची मंगळवारची पाळी केवळरामने मागून घेतली, गुरुवारची आणि शनिवारचीही. शेवटी गुरुजींनी लेखणी त्याच्याकडे रोखली.

"तुम्ही एकटेच राहता. तुमचं घर?"

"पाणकराची बांधी शेवटी."

"शेवटीच आहे. सात झाली, आता आठवी तुमची."

"राहू द्या ना. मीच त फिरून राहिलो सगळीकडे. फिरणाऱ्याले कायले पाहायचं?"

तशीही पाळीखाली त्या टोकाला जायला कोणी उत्सुक नव्हतं. गुरुजींनी एक क्षण लेखणी अधांतरी धरली आणि मग टोपण लावलं. तक्त्यात सात घरं राहिली.

त्या संध्याकाळी केवळरामने आपणहून गजेंद्रला फोन केला. पाळ्या लावल्याचं सगळं सांगितलं. आवाजात चाळीस वर्षांपूर्वीचा जोर होता.

"वा बाबा! आणि तुमच्याकडे कोण येते?"

केवळरामने फोन दुसऱ्या कानाला लावला. "येतेत ना," तो म्हणाला. "माह्याकडेही येतेत."

इतकं बोलून त्याने फोन कोनाड्यात ठेवला, तेव्हा त्याला नाकात मिरची गेल्यासारखं झालं. पोराशी तो भांडला होता पुष्कळ, पण असं धडधडीत खोटं बोलला नव्हता.

पाळ्या मात्र चालल्या. आधी चार दिवस लोक विसरले, मग नाही विसरले. भोजराज बकारामच्या दारी जायचा आणि बकाराम मुद्दाम उशिरा ओ द्यायचा, "मेलो नाही गा, तोंड धुऊन राहिलो." गुरुजी स्वतः रोज एका घरी जायचे आणि आल्यावर खूण करायचे. नियम हाक मारण्याचा होता, पण चहा होऊ लागला. कोणाचं औषध संपलं, कोणाचा दिवा गेला, कोणाच्या सुनेचा फोन आला नाही, हे सगळं सकाळी आठच्या आत गावभर फिरू लागलं. अनुसयाबाईची सूज ओसरली. ती काठी टेकत अंगणापर्यंत येऊ लागली आणि केवळरामची वाट पाहत उंबऱ्यात बसू लागली. तो सव्वासातला यायचा. एक दिवस पाच मिनिटं उशीर झाला तर म्हणाली, "पाणी चोरलं का रे दादा कोणी वरच्यावर?"

आश्विन लागला. धान पोटरीत आलं, बांध्यांना शेवटचं पाणी द्यायचे दिवस. मोटारी असल्या तरी या एका पाण्यासाठी तलावाचं तुडुम अजून उघडतात. मंगळवारी पहाट फुटल्यावर केवळराम तोंड धुवायला अंगणातल्या दगडाकडे गेला. पावसाळाभरचं शेवाळ त्या दगडावर होतं, ते त्याला माहीत होतं, रोज जपून पाय टाकायचा. त्या दिवशी त्याचं लक्ष तुडुमाच्या आवाजाकडे होतं. पाय सरकला. तो पडला तेव्हा घोट्यात वाळकं लाकूड मोडल्यासारखं वाजलं.

उठता आलं नाही. फोन आत कोनाड्यात. त्याने हाक मारली, पण पाटात पाणी चालू होतं आणि त्याच्या खळखळाटात ती विरून गेली. तो त्या आवाजाला आयुष्यभर ऐकत आला होता, आज पहिल्यांदा तो आवाज त्याच्या आड आला. ऊन गोदामाच्या टपावर आलं, मग भिंतीवर. त्याने मनातल्या मनात पाळ्या मोजल्या. बकारामकडे आता भोजराज पोचला असेल. गुरुजी शाळेमागच्या घरी. सगळ्यांकडे कोणी ना कोणी गेलं असेल. आपल्या दारावर कोणाची पाळी आहे, याचा विचार करताना त्याला वैशाखातल्या त्या शेळ्या आठवल्या.

त्या सकाळी अनुसयाबाई सव्वासातपासून उंबऱ्यात बसली होती. साडेसात झाले. पावणेआठ झाले. आठ वाजता ती काठी घेऊन उठली. दोन-अडीच महिन्यांत ती आपल्या पायांनी कालव्याच्या अलीकडे आली नव्हती. कालव्याची पुली ओलांडताना ती दोनदा बसली, दोनदा उठली. पाळीजवळ मंगरू जाळं झटकत होता.

"मंगरूभाऊ, सोड ते जाळं! दादा आला नाही आज."

"येईन बाई, उशीर झाला असन."

"तो पाळीले उशीर करत नाही. चाल मुकाट्यानं."

दोघं आत शिरले तेव्हा नऊ वाजून गेले होते. मंगरूने बुढ्याला पाठुंगळीला घेतलं आणि अनुसयाबाई पदराने त्याच्या कपाळावरचा चिखल पुसत राहिली.

घोट्याचं हाड मोडलं होतं. पायाला प्लास्टर लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गजेंद्र गाडी घेऊन दारात उभा राहिला. दिवाळीला अजून अवकाश होता, पण त्याने दिवाळीची वाट पाहिली नाही.

त्याने आधी बापाच्या पायाला हात लावून पाहिला, मग खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर संघाचा तक्ता चिकटवलेला होता. तो त्याने वाचला. पुन्हा वाचला.

"बाबा, याच्यात तुमचं नाव कुठं आहे?"

केवळराम प्लास्टरकडे पाहत राहिला.

"तुम्ही म्हणाला होता, येतेत म्हणून."

"म्हटलं होतं."

"मी ऑफिसात सगळ्यांले सांगत फिरलो. माह्या बापानं गावात अशी सोय केली, अशी केली. आणि तुम्ही तीन तास चिखलात पडून!" गजेंद्रचा आवाज फुटला. त्याने खाटेखालची बॅग ओढली आणि दोरीवरचे कपडे तिच्यात कोंबायला सुरुवात केली. "भरा. आता मी काहीच ऐकणार नाही."

पोरगं रागावलं तर सोसता येतं, पण ते रडवेलं झालं होतं. केवळरामने उशाखालून आपली पिशवी काढली आणि गोळ्यांची पाकिटं तिच्यात टाकू लागला. नागपूरची गॅलरी त्याला दिसू लागली होती.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अनुसयाबाई, तिच्या मागे देवानंद गुरुजी, आणि त्यांच्या मागे दाराबाहेरच उभा राहिलेला मंगरू. अनुसयाबाईने बॅग पाहिली, तक्ता पाहिला आणि खाटेच्या कडेला टेकली.

"काऊन रे दादा, शेवटची बांधी, शेवटची बांधी करत होतास ना? तुझा बाप पाणकर होता. त्याची बांधी कधी कोरडी राहिली का, सांग."

"नाही राहिली."

"तुझी राहिली का चाळीस वर्षांत?"

"नाही."

"मग पाणी कोण सोडत होतं तिच्यात? तू सोडत होतास?"

केवळरामला ते दिवस आठवले. धुतलेलं फावडं खांद्यावर घेऊन तो पाळीवर बसलेला असायचा, आणि खाली गावची माणसं, टोकाची, मधली, ज्यांच्या ज्यांच्या बांध्या भिजल्या ती सगळी, त्याच्या धुऱ्यावर गोळा व्हायची. कोणी पाट फोडायचं, कोणी गवत काढायचं. पाणकराने आपल्या बांधीत आपल्या हाताने पाणी घ्यायचं नाही, गावाने सोडायचं, अशी ती चाल होती. अर्धी चाल त्याने ध्यानात ठेवली होती आणि अर्धी सोडून दिली होती.

"गाव सोडत होतं," तो म्हणाला.

"आं! शेवटी घेत होतास, पण घेत होतास की नाही? आणि आता मोठा आला फिरणारा! आम्हाले त तू धुऱ्यावर येऊच नाही देल्लं. मी मुरमुरे खाल्ले ते लाजेनं. कोणाले कायले त्रास, म्हणून. तूही तेच केलं. माह्ये त गुडघे सुजले होते, तुझ्या नाकाले का झालं होतं?"

मंगरू दारातून हसला. गुरुजी पुढे झाले.

"चूक माझी," ते म्हणाले. "तक्ता मी लिहिला. आठवं घर मला दिसत होतं. वाट चिखलाची आहे म्हणून मीही सोडून दिलं." ते गजेंद्रकडे वळले. "आजपासून या दारी रोज कोणी तरी येईल. तू माझ्याच वर्गात होतास. मी आजवर तुला खोटं सांगितलं असेल तर हे खरं मानू नकोस. नाही तर मान."

गजेंद्र हातात बापाचा सदरा घेऊन उभा होता. "गुरुजी, पाय मोडून आहे त्यांचा. आता रोज नुसतं तोंड पाहून भागणार नाही. भाकर कोण देईन? दवाखाना?"

"भाकर मी टाकीन," अनुसयाबाई म्हणाली. "तांदूळ तुझ्या बापानंच आणून देल्ला आहे."

"तुम्हालेच चालता येत नाही मावशी."

"काल कशी आली मग?"

गजेंद्रने दारातून अंगणातल्या त्या शेवाळलेल्या दगडाकडे पाहिलं. मग त्याने सदरा परत दोरीवर टाकला, वाकडातिकडा.

"कापणीपर्यंत," तो म्हणाला. "कापणीपर्यंत पाहतो. प्लास्टर निघेपर्यंत मी दर शनिवारी येईन. आणि बाबा, आता फोनवर तुमचं नाही ऐकणार. जो येईन त्यानं मले फोन करायचा. एक दिवस जरी फोन नाही आला, त मी निघालो समजा."

"लय कडक पाणकर निघाला गा तुझा पोरगा," मंगरू म्हणाला. मग पायातला चिखल उंबऱ्यावर घासत त्याने गुरुजींना विचारलं, "गुरुजी, ढिवराचं नाव चालते का तुमच्या वहीत? जन्मतारीख मलेही नाही माहीत."

"एक जुलै," गुरुजी म्हणाले. "आम्हाला केक मोठा आणावा लागेल."

गजेंद्रने तक्ता भिंतीवरून काढून खाटेवर ठेवला. गुरुजींनी लेखणी केवळरामच्या हातात दिली. आठव्या ओळीत त्याने आपलं नाव दाबून दाबून लिहिलं, आणि पुढचे सात वार इतरांनी आपसात वाटून घेतले. बुधवार मंगरूने घेतला. गुरुवार गुरुजींनी.

त्यानंतर किती तरी सकाळी झाल्या. सगळ्या काही गोड नव्हत्या. मंगरू यायचा आणि बिडीचा धूर खोलीत सोडून जायचा. भोजराज विमानाची तीच गोष्ट सांगायचा. अनुसयाबाईचा भात कधी आसट, कधी करपलेला. ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या धुऱ्यावर उभं राहून पाहिलं, त्याला खाटेवर पडून स्वतःला पाहू देणं फार जड गेलं. पहिले काही दिवस तो पायरव ऐकला की उठून बसायचा, केस सारखे करायचा, जणू पाहुणे आले. पुढे ते सुटलं. मंगरूने पुन्हा विचारलं होतं, "आता सांग, फायदा झाला का?" केवळराम म्हणाला, "तुले दर आठवड्याले माह्या दारी यावं लागते, तुले काही भेटते का?" मंगरू विचार करून म्हणाला, "आता बुधवारी लवकर जाग येते."

कापणी सुरू झाली, तरी कोणी गाडीची गोष्ट काढली नव्हती.

त्या गुरुवारी आठ वाजायला आले. केवळराम खाटेवर टेकून बसला होता, नवी काठी मांडीवर. बाहेर बांध्यांत विळ्यांचा आवाज येत होता. चहाचं आधण दोनदा उकळून निम्मं झालं होतं. त्याने दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. अखेर चिखलातून चपलांचा आवाज आला. दार लोटलं जायच्या आतच तो आतून ओरडला,

"आठले पाच कमी आहेत गुरुजी! पाळी होय का गंमत होय?"

"आलो ना! वाट कसली आहे तुमच्या घराची." गुरुजी धोतर गुडघ्यापर्यंत धरून आत आले, चिखलाने भरलेले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि गजेंद्रचा नंबर लावता लावता म्हणाले, "तोंड दाखवा."

केवळरामने तोंड दाखवलं आणि काठी टेकत उठून चहाच्या भांड्यात कपभर पाणी वाढवलं.